दोन नर भिडले की… नेहमी विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा तापला की चितळांच्या टकरीचे व्हिडिओ यायला लागतात, मृग लागला की पिवळे बेडूक आणि उभे राहिलेले साप, आणि वर्षभर मधून मधून कोणाच्या तरी गोठ्यातले दोन बोकड. प्रश्न तेच तेच येतात म्हणून सगळे एका जागी लिहून काढले. मी जंगलाच्या कडेच्या गावात राहतो, बरंचसं डोळ्यानं पाहिलेलं आहे, बाकीचं शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं बसून शोधलेलं आहे. आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचलं तरी चालेल.

१. मादीसाठी नरच काहून भांडतात? मादी नरासाठी काहून भांडत नाही?

शेळी बघा. गाभण राहिली की पाच महिने पोटात, मग पाजणं, म्हणजे एका वेतात तिचं अर्धं वर्ष गेलं. बोकडाचं काम मिनिटभरात संपतं आणि तो लगेच दुसऱ्या शेळीकडे जाऊ शकतो. म्हणजे शेळीला पिल्लं किती होतील हे तिच्या अंगातली ताकद आणि चारा ठरवतो, बोकडाला किती होतील हे त्याला किती शेळ्या मिळाल्या यावर ठरतं, आणि एका वेळी माजावर असलेल्या शेळ्या दोन-चार, त्यांच्यावर टपलेले बोकड जास्त, मग भांडण होणारच. रॉबर्ट ट्रिव्हर्स नावाच्या शास्त्रज्ञानं १९७२ मध्ये हे नीट मांडलं, की पिल्लासाठी ज्याला कमी खपावं लागतं तो जोडीदारासाठी जास्त भांडतो. यात "नर" हा शब्दच नाही हे लक्षात ठेवा, कारण जिथे पिल्लाचं करणं बापाच्या गळ्यात पडतं तिथे सगळं उलटं होतं (प्रश्न १३).

२. म्हणजे जो ताकदवान तो जिंकला, एवढंच ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात जास्त दिसतो. डार्विननं १८७१ च्या पुस्तकात दोन वाटा सांगितल्या: एक म्हणजे नरानं दुसऱ्या नराला हाकलणं, दुसरी म्हणजे मादीनं निवडणं. चितळ-सांबर पहिल्या वाटेचे. दुसऱ्या वाटेसाठी लांब जायची गरज नाही, वावरातल्या विहिरीवर वाकलेली बाभूळ बघा. सुगरणीचा नर (नाव सुगरण पण घरटं विणतो तो नर) आधी घरटं अर्धंच विणतो, उलट्या टोपीसारखं, आणि त्याला लटकून पंख फडफडवत ओरडत राहतो. माद्या येतात, आत शिरतात, धागे ओढून बघतात आणि निघून जातात. एखादीला पसंत पडलं की मग तो खालची नळी विणून काम पूर्ण करतो, आणि ती अंडी घालून बसली की हा गडी लगेच पुढचं घरटं सुरू करतो. पावसाळा सरताना त्या बाभळीखाली उभं राहून मोजा, अर्धवट टोप्या किती लटकल्यात ते. तेवढ्या वेळा कोणी तरी नाकारला गेलाय. आणि मादी विणकामापेक्षाही जागा जास्त बघते, उंच आहे का, काटेरी आहे का, साप-वानर पोचेल का. शेजाऱ्याच्या घरट्यातले धागे चोरणं हेही तिथे सर्रास चालतं, म्हणजे टक्कर नाही पण चढाओढ आहेच.

तिसरी वाट तर डोळ्याला दिसतच नाही, ती प्रश्न १२ मध्ये.

३. टक्कर झाली की एक तरी मरतोच का?

बहुतेक वेळा नाही. टक्कर हा शेवटचा टप्पा असतो, त्याच्या आधी बरंच काही होऊन गेलेलं असतं आणि आपण मोबाईल काढतो तो त्याच्या नंतर.

मागे एकदा मे महिन्यात पाणवठ्याजवळ मी दोन चितळ नर पाहिले. आधी एक बराच वेळ मान पुढे काढून ओरडत होता, तो घोगरा आवाज. दुसरा आला तर दोघंही लगेच भिडले नाहीत, एकमेकांच्या बाजूनं, तोंड एकाच दिशेला, पाय ताठ ठेवून हळूहळू चालायला लागले, डोकं थोडं वळवलेलं, अंगावरचे केस उभे. दहा-पंधरा पावलं गेले, वळले, परत आले. मग एकानं शिंगं गवतात घासली आणि गवताचा झुबका शिंगावर घेऊन उभा राहिला. तेव्हा कुठे शिंगाला शिंग लागलं, तेही हलकेच, खटखट आवाज करत, आणि मग दोघांनी जोर लावला. एक मागे सरकत गेला, मागचे पाय धुळीत घसरले, आणि झटक्यात वळून पळाला. दुसरा चार उड्या त्याच्या मागे गेला आणि थांबला. भिडणं मिनिटभराचं, त्याच्या आधीचं मोजमाप वीसेक मिनिटांचं.

ते चालणं म्हणजे एकमेकांना मोजणं असतं. हरणार हे आधीच कळलं तर न भिडता निघून जाण्यात फायदा, आणि जिंकणाऱ्यालाही जखम परवडत नाही, कारण लंगडणारा नर रानकुत्र्यांच्या लगेच नजरेत येतो. जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी १९७३ मध्ये हेच गणितानं दाखवलं. दयामाया असा काही विषय नाही, सगळा हिशोब आहे.

पण हिशोब बदलला की मरेपर्यंत लढाई होते. आयुष्यात एकच संधी असेल तर मागे हटून वाचवायचं काय? उंबराचं फळ फोडलं की आत बारीक किडे निघतात ना, त्या उंबरमाश्यांच्या काही जातींत नराला पंखच नसतात, तो त्याच फळात जन्मतो आणि त्याच फळात मरतो, त्याला मिळायच्या त्या माद्याही तिथेच. असे नर मोठ्या जबड्यानं एकमेकांचे तुकडे करतात. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९७९ मध्ये ब्राझीलमधल्या अशा नरांचं वर्णन केलं आहे. हरणांतही कधी कधी शिंगं एकमेकांत अशी अडकतात की सुटत नाहीत आणि दोघंही उपाशी मरतात, पण तो अपघात.

४. चितळ-सांबराचं शिंग जंगलात पडलेलं सापडतं, काळवीटाचं काहून सापडत नाही?

कारण ती दोन वेगळीच हत्यारं आहेत, आपण दोन्हीला शिंगच म्हणतो. चितळ, सांबर यांचं शिंग म्हणजे नुसतं हाड, दरवर्षी गळतं आणि नवीन येतं. वाढताना त्यावर मखमली कातडी असते, आत रक्त वाहत असतं, हात लावला तर कोमट लागावं असं, आणि तेव्हा नर भांडण टाळतो कारण शिंग कोवळं असतं. वाढ संपली की कातडी सुकते, तो झाडाला घासून काढून टाकतो, आणि मग तो भांडायला मोकळा. चितळांत सगळ्यांचं एकदम होत नाही, एकाच कळपात एकाचं शिंग मखमली तर दुसऱ्याचं टणक दिसतं.

काळवीट, रोही (नीलगाय), गवा, चौशिंगा यांचं शिंग कायमचं, आत हाड आणि वरून नखासारख्या पदार्थाचं कवच. ते गळत नाही, तुटलं तर तुटलं.

आणि पडलेलं शिंग घरी आणू नका, दिवाणखान्यात लावायला तर अजिबात नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते गुन्ह्यात बसतं, "मी मारलं नाही, सापडलं" हे चालत नाही.

५. रोही गुडघे टेकून काहून भांडतात? नमस्कार केल्यासारखे दिसतात.

रोह्याचं शिंग वीतभर, टोकदार आणि सरळ, त्यानं चितळासारखं शिंगात शिंग अडकवून ढकलता येत नाही. म्हणून ते पुढचे गुडघे जमिनीला टेकवून मानेवर मान दाबतात, आणि ज्याची मान खाली गेली तो हरला. मोठ्या नराच्या मानेची कातडी लय जाड झालेली असते, ती ढालच आहे. रानडुकराच्या नरालाही तसंच खांद्यावर जाड कातड्याचं कवच असतं, कारण त्याचा वार सुळ्यानं खांद्यावर बसतो. हत्यार जिथे लागतं तिथेच ढाल आली.

कास्तकारांसाठी एक सांगतो, धुऱ्यावर एकाच जागी लेंड्यांचा मोठा ढीग दिसला की समजा तिथे रोही रोज येऊन आपली हजेरी लावते. तो ढीग बाकीच्यांसाठी निरोप असतो.

६. काळवीट भर उन्हात एकाच जागी उभा राहतो, चरायला पण जात नाही. आजारी आहे का?

आजारी नाही, जागा राखतोय. वाशिम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या बाजूला गेलात तर हे छान दिसतं. काळाभोर नर आपला तुकडा धरून उभा राहतो, नाक वर, शिंगं पाठीवर टेकलेली, शेजारचा नर हद्दीवर आला की चालून जातो. काही ठिकाणी असे बरेच नर अगदी जवळजवळ छोटे छोटे तुकडे धरून उभे राहतात, त्या तुकड्यात गवतही धड नसतं, आणि माद्या तिथे फक्त नर बघायला येतात, बाजारात फिरल्यासारख्या. मग होतं काय की बऱ्याच माद्या दोन-चार नरांकडेच जातात आणि बाकीचे हंगामभर उभे राहून रिकामे परत जातात. उभं राहायला ताकद लागते, जो उपाशी जास्त दिवस टिकला तो जास्त दमाचा, म्हणजे तीही एक परीक्षाच झाली. मोरांचंही बरंचसं असंच चालतं.

७. मोराचे अश्रू पिऊन लांडोर गाभण राहते हे खरं का?

नाही. कोंबडा-कोंबडीसारखंच मोर-लांडोरीचं मीलन होतं, बाकीच्या पक्ष्यांसारखंच. मी स्वतः पाहिलं आहे, काही सेकंदांचं असतं म्हणून लोकांना दिसत नाही, आणि पिसारा तर सगळ्यांना दिसतो, त्यामुळे गोष्ट तयार झाली. पिसारा पावसाळ्यानंतर गळून जातो, म्हणूनच रानात पिसं सापडतात. आणि मोर फक्त नाचत नाहीत, त्यांच्या पायाला मागे काटा असतो कोंबड्यासारखा, उडी मारून एकमेकांच्या अंगावर तोच मारतात.

८. दोन साप एकमेकांना गुंडाळून उभे राहतात, ते सापाचं लगीन असते ना? त्यावर पांढरं कापड टाकलं तर पैसा येतो म्हणतात.

लगीन नाही. ते दोन्ही नर असतात आणि ती कुस्ती आहे. हा प्रश्न दरवर्षी सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे हे बहुतेक धामण करतात. उन्हाळा संपता संपता, पहिल्या पावसाच्या आसपास, दोन नर समोरासमोर आले की अंगाला अंग पिळून पुढचा भाग वर उचलतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याचं डोकं जमिनीला टेकवायला बघतो. पडतात, सुटतात, परत पिळतात. नीट बघा, कोणीच चावत नाही. तोंड असून वापरत नाहीत, प्रश्न ३ मध्ये सांगितलेलाच हिशोब. शेवटी एक दमतो आणि सरळ पळत सुटतो. मादी जवळपास गवतात असू शकते, असतेच असं नाही. खरं मीलन एकदम शांत असतं, दोघं जमिनीवर पडून, नर मादीच्या अंगाला लागून, शेपट्या गुंतलेल्या, आणि बराच वेळ. ते कोणाला दिसतच नाही.

दुसरा गैरसमज, की धामण ही नागाची मादी. धामण वेगळी जात, नाग वेगळी जात, दोन्हीत नर-मादी असतात. धामण बिनविषारी आहे आणि वावरातले उंदीर खाते. नागांचे नरही आपसात अशी कुस्ती करतात, म्हणून लांबूनच बघायचं, ओळखायला जवळ जायचं नाही.

मी चौथी-पाचवीत असताना आमच्या नाल्याकाठी असेच दोन उभे राहिले होते. सगळं गाव गोळा झालं. मला घरी पिटाळलं धोतर आणायला, कापड टाकायचं म्हणून. मी धावत धोतर घेऊन आलो तोवर कोणी तरी "जोडी सोडली तर डूख धरते" म्हटलं आणि काठ्यांनी दोन्ही मारून टाकले होते. धोतर माझ्या हातातच राहिलं. दोन नर एकमेकांत इतके गुंतले होते की त्यांना माणसं आलेली कळलीसुद्धा नाहीत, म्हणून ते मेले. साप डूख धरत नाही, त्याच्या मेंदूत ते बसतच नाही. तुमच्या समोर असं झालं तर दहा-वीस हात लांब उभे राहा, पोट्ट्यांना धरून ठेवा, थोड्या वेळात दोन्ही आपापल्या वाटेनं जातात.

९. वाघानं बछडे मारले अशी बातमी येते. बाप आपल्याच पोरांना काहून मारते?

आपल्या नाही, दुसऱ्याच्या. एका नर वाघाच्या एरियात साधारण दोन-तीन वाघिणींचे एरिया येतात. नवीन नरानं जुन्याला हाकललं की त्याच्याकडे वेळ मोजका असतो, उद्या त्यालाही कोणी तरी हाकलणार. बछडे दीड-दोन वर्षं आईसोबत राहतात आणि तोवर ती परत माजावर येत नाही. बछडे गेले की ती लवकर माजावर येते आणि पुढची पिल्लं नव्या नराची होतात. वाचायला वाईट वाटतं, मलाही वाटतं, पण वाघाला राग आला वगैरे काही नसतं.

वानरांत हेच आधी नीट नोंदलं गेलं. काळतोंड्या वानरांच्या बऱ्याच टोळ्यांत एकच मोठा नर असतो, आपण ज्याला हुप्प्या म्हणतो. बाकीचे नर वेगळी टोळी करून फिरतात, आणि संधी मिळाली की हल्ला करून हुप्प्याला हाकलतात. १९६० च्या दशकात युकिमारू सुगियामा यांनी धारवाडकडे पाहिलं की नवीन नर आल्यावर अंगावर पिणारी पिल्लं मारली जातात, नंतर सारा हर्डी यांनी राजस्थानात माउंट अबूला त्याचा माग काढला. माद्या गप्प बसत नाहीत हेही त्यात दिसलं, त्या एकत्र येऊन नरावर धावून जातात, आणि गाभण असूनही नवीन नराशी संग करतात, म्हणजे पिल्लू कोणाचं हा घोळ राहावा.

१०. मग हरलेला किंवा तरणा वाघ जातो कुठे?

चालत सुटतो. यवतमाळच्या टिपेश्वरमधला एक तरणा नर गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन २०१९ च्या जूनमध्ये निघाला, तेलंगणात शिरला, परत आला, आणि वर्ष संपता संपता बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तिथली पुढची भटकंती धरून एकूण चाल सुमारे ३००० किलोमीटर. वावरं, नाले, हायवे ओलांडत, बहुतेक रात्री. ज्ञानगंगात खायला होतं, पण वाघीण नव्हती. ज्यांच्या गावाजवळ अचानक "नवीन वाघ" दिसतो तो बऱ्याचदा असाच जागा शोधणारा तरणा नर असतो. टक्कर दिसते तेवढीच चढाओढ नसते भाऊ, हे चालणंही त्यातच आलं.

११. कमजोर नराला कधीच चान्स नाही का?

आहे, पण समोरच्या दारानं नाही.

शेणकिड्यांत काही जातींत मोठ्या नराला शिंगं असतात. मादी शेणाखाली बीळ करते आणि शिंगवाला तोंडावर पहारा देतो. लहान नराला शिंगं नसतात, तो बाजूनं स्वतःचं बोगदं खणून पहारेकऱ्याला न कळता मादीपर्यंत जातो. युरोपातल्या अशा एका जातीचा शिंगवाला नर स्वतःच्या वजनाच्या ११४१ पट ओढतो असं २०१० मध्ये मोजलं गेलं, आणि एवढा पहिलवान दारात असून मागून चोरी होते. आपल्याकडेही पावसाळ्यात ताज्या शेणाचा पो उलटा करून बघा, शिंगवाले दिसतील.

बेडकांतही हेच. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री बोडीत (छोट्या तळ्यात) जे पिवळेजर्द बेडूक निळ्या फुगवट्यांनी ओरडतात ते नर, एरवी मातकट-हिरवे असतात. ओरडणं म्हणजे सगळी ताकद खर्ची घालणं, वर सापाला पत्ता सांगणं. बऱ्याच जातींत लहान नर ओरडणाऱ्याच्या बाजूला गुपचूप बसतो आणि आवाजावर आलेल्या मादीला मध्येच अडवतो.

१२. मादीसोबत जमलं की चढाओढ संपली ना?

नाही. मादी एकापेक्षा जास्त नरांशी मिळाली तर पुढची लढाई तिच्या पोटात होते, जेफ पार्कर यांनी १९७० मध्ये हे किड्यांत मांडलं. तलावावर बारीक काडीसारख्या टाचण्या उडतात ना, चतुराच्या बहिणी, त्यांच्यात जोनाथन वागे यांनी १९७९ मध्ये दाखवलं की नर आधीच्या नराचं वीर्य खरवडून बाहेर काढतो आणि मग आपलं सोडतो. म्हणूनच चतुर किंवा टाचणीचा नर मादीची मान धरून अंडी घालेपर्यंत सोबत उडत राहतो, ती जोडी प्रेमात वगैरे नसते, तो पहारा आहे. कुत्रे अडकतात त्याचंही एक कारण हेच धरतात की तेवढा वेळ दुसरा नर लांब राहतो. दगड मारू नका, पाणी टाकू नका, दोघांनाही इजा होते, आपोआप सुटतात. आणि कोंबडी तर नको असलेल्या, हलक्या दर्जाच्या कोंबड्याचं वीर्य स्वतःच बाहेर टाकून देते, म्हणजे शेवटचा शब्द परत मादीचा.

१३. कुठे माद्या नरासाठी भांडतात असं आहे का?

आहे, आणि आपल्याच तलावात. भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत शिंगाड्याच्या, कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी चालत जाणारा कमळपक्षी बघा. मादी मोठी, ती एरिया धरते, दुसऱ्या मादीला हाकलते, एका नराला चार अंडी घालून देते आणि पुढच्या नराकडे जाते. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं नराकडे. प्रश्न १ चा नियम तसाच लागू पडतो, फक्त खपणारा बदलला.

त्याच भागातल्या सारसांत दोघं मिळून पिल्लू वाढवतात, तर नर-मादी दिसायलाही जवळपास सारखेच, शिंग नाही पिसारा नाही.

१४. सरड्याचं तोंड लाल झालं की तो रक्त पितो म्हणतात…

रक्त पीत नाही. विणीच्या दिवसांत नराचं डोकं-खांदे लालभडक होतात आणि तो कुंपणावर दंड-बैठका काढून दुसऱ्या नराला दाखवतो. पोट्ट्यांना गोटे मारू देऊ नका.

१५. सांड तापट आणि बैल शांत काहून? आणि माझे दोन बोकड रोज भांडतात, काय करू?

पोळ्याला गावातले सगळे बैल तोरणाखाली अंगाला अंग लावून उभे राहतात, गडबड होत नाही, कारण ते खच्ची केलेले असतात. भांडायची खुमखुमी वृषणातून येणाऱ्या हार्मोनमुळे असते. चितळाच्या शिंगाचं चक्रही त्यावरच चालतं, वृषण गेले तर मखमल सुकून गळायचीच थांबते.

बोकडांचं म्हणाल तर २० ते ३० शेळ्यांमागे एक बोकड पुरतो, दुसऱ्याची गरज नाही. विक्रीचे पाठरू लहानपणीच डॉक्टरकडून खच्ची करून घ्या, अंगही चांगलं धरतात. पैदाशीचा बोकड साधारण दोन वर्षांनी बदला, नाहीतर तो स्वतःच्याच पाटींवर (तरण्या लेकींवर) जातो. दोन ठेवायचेच असतील तर पहिली भेट मोकळ्या जागेत घडवा, छोट्या खोलीत हरणाऱ्याला पळायला वाट नसते आणि तिथेच शिंग मोडतं, पोट फाटतं. कोंबड्यांतही तेच, आठ-दहा कोंबड्यांमागे एक.

१६. रस्त्यात सांड भिडले किंवा मोहफूल वेचताना जंगलात नर भिडलेले दिसले तर?

मध्ये पडायचं नाही, काठी आपटायची नाही, ओरडायचं नाही. त्या वेळी त्यांना तुम्ही दिसतच नसता. लोक जखमी होतात ते बहुतेक टक्कर संपताना, कारण हरलेला जिकडे वाट दिसेल तिकडे न बघता पळतो आणि जिंकलेला त्याच्या मागे. म्हणून आधी बघा की मागे सरकणारा कोणता, आणि त्याच्या पाठीमागची मोकळी बाजू सोडून झाड, भिंत, बंडी अशा कशाच्या तरी आडोशाला व्हा. गवा असेल तर अजून लांब, तो भिडायच्या आधी आडवा उभा राहून अंग दाखवतो, तेवढ्यात निघून जायचं. आणि वाघांच्या भांडणाचा आवाज आला तर टोपली तिथेच ठेवून सगळ्यांनी एकत्र, न पळता, आलेल्या वाटेनं परत यायचं, मोहा उद्याही पडतो.